५१ मतांनी जिंकलेलं राज्य आणि आठातला एकच माणूस

अमेरिकेच्या १९०४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा राज्यवार तक्ता कधी बघितलात तर मेरीलँडच्या ओळीपाशी थांबा जरा. रिपब्लिकन थिओडोर रूझवेल्टला १,०९,४९७ मतं, डेमोक्रॅट आल्टन पार्करला १,०९,४४६. फरक फक्त ५१ चा, पण फरक तो फरक, म्हणजे राज्य रूझवेल्टचं झालं. आता शेजारच्या रकान्यात बघा, इलेक्टोरल मतं: रूझवेल्ट १, पार्कर ७. पहिल्यांदा बघितलं की वाटतं छापताना आकडे उलटे पडले असणार. तसं काही नाहीये, दोन्ही रकाने बरोबर आहेत.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन मतदार अध्यक्षाला थेट मत देत नाही, तो देतो इलेक्टरना, आणि इलेक्टर मग अध्यक्ष निवडतात. राज्याचे काँग्रेसच्या खालच्या सभागृहातले खासदार अधिक दोन सिनेटर, जेवढी बेरीज तेवढे इलेक्टर, मेरीलँडचे तेव्हा आठ. एवढं बहुतेकांना माहीत असतं. सहसा माहीत नसतं ते हे की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांत हे इलेक्टर एकगठ्ठा निवडून येत नव्हते, मतपत्रिकेवर प्रत्येकाचं नाव वेगळं छापलेलं असायचं आणि मतदाराने एकेका नावापुढे फुली मारायची. मेरीलँडमध्ये आठ इलेक्टर हवेत तर आठ फुल्या. आपल्याकडे महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात चार बटणं दाबावी लागतात आणि पॅनलमधले तीन येतात, एक पडतो, तसंच काहीसं, फक्त तिकडे अ-ब-क-ड अशा वेगवेगळ्या जागा नव्हत्या, सगळी नावं एकाच रिंगणात आणि ज्यांना सगळ्यात जास्त मतं पडतील ते पहिले आठ जिंकले.

आता गणित उलगडतं. पक्षाची 'मतं' म्हणून तक्त्यात जो आकडा येतो तो साधारणपणे त्या पक्षाच्या सगळ्यात जास्त मतं मिळालेल्या इलेक्टरचा. १९०४ मध्ये मेरीलँडमधून रिपब्लिकनांचा एकच इलेक्टर निवडून आला, त्याचं नाव चार्ल्स बोनापार्ट. हो, तेच घराणं. नेपोलियनच्या सगळ्यात धाकट्या भावाचा, जेरोमचा, हा नातू, बाल्टिमोरमध्ये वाढलेला वकील आणि सुधारणावादी म्हणून नाव असलेला माणूस. पुढे रूझवेल्टने त्याला नौदलाचं मंत्रिपद दिलं, मग अ‍ॅटर्नी जनरल केलं, आणि १९०८ मध्ये त्याने तपासनीसांची जी छोटी तुकडी उभी केली तिचीच पुढे एफबीआय झाली. असो, विषयांतर झालं.

तर रिपब्लिकन यादीतला पहिला माणूस सगळ्या डेमोक्रॅटांच्या पुढे, आणि दुसऱ्या क्रमांकाचा रिपब्लिकन मात्र सात डेमोक्रॅटांच्याही मागे. म्हणजे एकाच पक्षाच्या, एकाच अध्यक्षाला मत देणार असलेल्या, पहिल्या आणि दुसऱ्या माणसात किमान ५० मतांचा फरक होता. कुणी विचारपूर्वक 'मला रूझवेल्ट हवा पण त्याचे सात इलेक्टर नकोत' असं ठरवलं असेल का? एखाददुसरा असेलही. पण असा फरक पडायला फार काही लागत नाही, काही लोकांनी एका नावापुढे फुली मारून 'झालं मत' असं समजून पत्रिका घडी करून टाकली की पुरे. कागदावर नावं भरपूर, उजेड बेताचा, मागे रांग.

१९०८ ला परत तोच खेळ, आणि यावेळी जास्त ठळक. रिपब्लिकन टाफ्टने मेरीलँड ६०५ मतांनी जिंकलं, इलेक्टर मिळाले २, हरलेल्या डेमोक्रॅट ब्रायनला ६. इथे एक मजेशीर अनुमान काढता येतं, त्याला प्रत्येक इलेक्टरचा आकडा माहीत असायचीही गरज नाही. तिसऱ्या क्रमांकाचा रिपब्लिकन पडला म्हणजे तो सहाव्या डेमोक्रॅटच्याही मागे होता, सहावा डेमोक्रॅट पहिल्या डेमोक्रॅटच्या पुढे असणं शक्य नाही, आणि पहिला डेमोक्रॅट पहिल्या रिपब्लिकनच्या ६०५ ने मागे. म्हणजे रिपब्लिकनांच्या पहिल्या आणि तिसऱ्या माणसात सहाशेहून जास्त मतांची गळती! मोजायच्या गोष्टीपेक्षा मोजमापातली चूक मोठी झाली की असं होतं, प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही हे दुखणं ओळखीचं असेल.

चूक म्हटली की संख्याशास्त्रवाले आधी विचारतात, कुठल्या जातीची? एक असते यादृच्छिक चूक, ती कधी इकडे कधी तिकडे. समजा मेरीलँडच्या त्या जवळपास २ लाख १९ हजार लोकांनी (रूझवेल्ट आणि पार्कर दोघांचे मिळून) डोकं बाजूला ठेवून नाणं उडवलं असतं, तर छापा आणि काटा यांच्यातला फरक साधारण केवढा आला असता? नियम सोपा आहे, एकूण संख्येचं वर्गमूळ काढायचं, म्हणजे इथे सुमारे ४६८. निव्वळ योगायोगाने चारशे-पाचशेचा फरक सहज पडतो तिथे खरा निकाल ५१ चा! माणसं म्हणजे नाणी नव्हेत हे मान्य, पण ५१ हा आकडा किती किरकोळ आहे त्याचा अंदाज यावरून येतो.

दुसरी जात म्हणजे एका बाजूला झुकलेली चूक, तिला इंग्रजीतूनच आलेला बायस हा शब्द आपण वापरतो. ही कितीही मतं मोजली तरी विरून जात नाही. मेरीलँडचा खरा मुद्दा इथे आहे, आणि इथे मला तरी हे प्रकरण गमतीचं वाटायचं थांबतं. १९०१ मध्ये तिथल्या डेमोक्रॅटांनी, त्यांचे पुढारी आर्थर गॉर्मन यांच्या जोरावर, निवडणूक कायदा बदलला. मतपत्रिकेवरची पक्षचिन्हं काढून टाकली आणि वाचता न येणाऱ्याला मतदान केंद्रावर मिळणारी मदत बंद केली. राज्यात साधारण दर पाचातला एक माणूस कृष्णवर्णीय, त्यांच्यात निरक्षरता जास्त (गुलामगिरी संपून चाळीस वर्षंही झालेली नव्हती) आणि त्यांची मतं बहुतांशी लिंकनच्या पक्षाला, म्हणजे रिपब्लिकनांना. थेट मताधिकार काढून घ्यायचा तर देशाची राज्यघटना आड येते, मग कागदच असा करायचा की ठराविक माणसाचा हात अडखळेल. कायदा वाचला तर सगळ्यांना सारखाच, त्यात कुणाचा रंग कुठेही लिहिलेला नाही. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत नेमकं उलट केलं होतं, अफाट निरक्षरता आहे म्हणून चिन्हं मुद्दाम आणली.

आठ फुल्यांची पद्धत आणि चिन्हाविना छापलेली नावं, दोन्ही एकत्र आल्यावर गळती कुठल्या बाजूला जास्त होणार ते सांगायला नको. तेवढ्यावरही भागेना म्हणून १९०५ मध्ये थेट मेरीलँडच्या स्वतःच्या घटनेत दुरुस्ती करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार छाटायचा प्रयत्न झाला, पण मतदारांनी तो हाणून पाडला, कारण बाल्टिमोरमधल्या युरोपातून आलेल्या स्थलांतरितांना कळून चुकलं की आज त्यांच्यावर तर उद्या आपल्यावर. बोनापार्टही विरोधात होता. १९०९ आणि १९११ मध्ये परत प्रयत्न झाले, तेही पडले.

याच्या आधी, १८८० च्या दशकापर्यंत, ही भानगड फारशी नव्हती, कारण पक्षच आपापली तिकिटं छापायचे, त्यावर सगळे इलेक्टर आधीच लिहिलेले, मतदाराने ते पेटीत टाकायचं आणि निघायचं. त्यात गुप्तता शून्य आणि मतखरेदी बिनबोभाट. म्हणून सरकारी छापील गुप्त मतपत्रिका आली, ती सुधारणाच होती, पण फुल्या मारायचं काम मतदाराच्या गळ्यात पडलं आणि फुटलेली राज्यं, म्हणजे जिथले इलेक्टर एकाच उमेदवाराकडे गेले नाहीत अशी, वाढली. १८९२ मध्ये तर नॉर्थ डकोटाचे तीन इलेक्टर तीन वेगवेगळ्या उमेदवारांकडे गेले!

बायस सोडून नुसता काठावरचा निकाल बघायचा असेल तर १९१२ चं कॅलिफोर्निया. रूझवेल्ट यावेळी नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाकडून, त्याचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार कॅलिफोर्नियाचाच गव्हर्नर हायरम जॉन्सन, आणि राज्यातला रिपब्लिकन पक्ष याच मंडळींच्या मुठीत, त्यामुळे विद्यमान अध्यक्ष टाफ्टचं नावच छापील मतपत्रिकेवर आलं नाही, ज्याला टाफ्ट हवा त्याने हाताने लिहावं. त्याला चार हजारही मतं पडली नाहीत. बायकांना वर्षभरापूर्वीच मताधिकार मिळालेला, मतदार एकदम वाढलेले. निकाल: रूझवेल्ट २,८३,६१०, डेमोक्रॅट विल्सन २,८३,४३६, फरक १७४. इलेक्टर १३, त्यातले ११ रूझवेल्टचे आणि २ विल्सनचे. नाण्यांचा हिशोब इथे साडेसातशेच्या आसपास येतो. देशभरात विल्सनला ४३५ इलेक्टर मिळालेले असल्यामुळे कॅलिफोर्नियातल्या या दोन इलेक्टरांसाठी कुणी फारसा जीव टाकला नाही.

१९१६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात रिपब्लिकन ह्यूजला ७ आणि विल्सनला १ असे इलेक्टर गेले, पण तोवर मतपत्रिका आखणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की लोकांना इलेक्टर निवडायचेच नसतात, त्यांना अध्यक्ष निवडायचा असतो. मग एकेक राज्य करत सगळ्या नावांसाठी मिळून एकच खूण आली आणि पुढे बहुतेक ठिकाणी इलेक्टरांची नावंही छापायची बंद झाली. आज मेन आणि नेब्रास्का ही राज्यं कधीकधी फुटतात, पण ते मतदारसंघवार वाटणीच्या कायद्याने, फुली विसरल्यामुळे नाही.