कार्टर यांचे पिवळे बूट आणि हायड्रोजनचा बुडबुडा

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तरुणपणी वितळत्या अणुभट्टीत उतरून एक शहर वाचवले, अशी कथा समाजमाध्यमांवर फिरत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत झालेला अपघात आटोक्यात आल्यानंतर शेकडो माणसे पाळीपाळीने सफाईला गेली आणि त्यांत नौदलाचे लेफ्टनंट कार्टर होते. किरणोत्सारामुळे आत जेमतेम दीड मिनिट थांबता येई. या खऱ्या अनुभवाला चमत्काराची जोड कशाला हवी?

२८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुवीज प्रकल्पाच्या दुसऱ्या भट्टीत दाब कमी करणारी झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडपेला बंद होण्याचा संदेश गेला, एवढेच दाखवत होता. पाणी घटत असताना ते जास्त झाले आहे असे समजून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पुरवठाच कमी केला. उघड्या पडलेल्या इंधननळ्यांच्या आवरणातील तापलेल्या झिर्कोनियम धातूने वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतला आणि उरलेला हायड्रोजन भट्टीच्या माथ्याशी साठला.

या बुडबुड्याचा स्फोट होईल का, यावर तज्ज्ञांतच मतभेद होते. हायड्रोजन पेटायला ऑक्सिजन लागतो, आणि प्रारणांमुळे पाण्याचे विघटन होऊन तो तासागणिक साठत जाईल, असे एका गटाचे गणित होते. पण विघटनातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक (पाण्याच्या रेणूचे अतिशय क्रियाशील तुकडे) पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजनशी तत्काळ संयोग पावतात, त्यातून मोकळे होणारे हायड्रोजनचे अणू ऑक्सिजनला व हायड्रोजन पेरॉक्साइडला गाठतात आणि शेवटी पुन्हा पाणीच तयार होते. म्हणूनच अशा भट्ट्यांच्या पाण्यात एरवीही मुद्दाम हायड्रोजन मिसळतात. ज्याची धास्ती होती, तो हायड्रोजनच ऑक्सिजनला साठू देत नव्हता. मला या अपघातातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या कार्टर यांनी अणु नियामक आयोगाचे हॅरॉल्ड डेंटन यांना आपले प्रतिनिधी म्हणून आधीच तेथे धाडले होते, त्यामुळे परस्परविरोधी निवेदनांच्या गदारोळात लोकांना ऐकण्याजोगा एक आवाज मिळाला. आठ किलोमीटरच्या आतील गर्भवती स्त्रियांना व लहान मुलांना दूर जाण्याचा सल्ला राज्यपालांनी दिला होता. १ एप्रिलला, स्फोटाचा वाद पुरता मिटलेला नसतानाच, कार्टर पत्नी रोझलिन यांच्यासह प्रकल्पात पोहोचले आणि बुटांवर पिवळी संरक्षक आवरणे चढवून नियंत्रण कक्षात गेले. दुसऱ्या दिवशी बुडबुडा बराच आकसल्याचे जाहीर झाले. भट्टीत कॅमेरा सोडायला मात्र १९८२ उजाडले, आणि पुढील तपासणीत गाभ्याचा, म्हणजे भट्टीतील इंधनाच्या भागाचा, जवळजवळ निम्मा भाग वितळल्याचे दिसले. कार्टर त्या कक्षात उभे होते, तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते.