निळी खिडकी की गायब झालेली फाईल?

"अहो, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस आहे." गोरेगावातल्या सोसायटीचे सेक्रेटरी असोत की दादरचे अकाउंटंट, मेंटेनन्सची बिलं काढणारा छोटा प्रोग्रॅम एकट्याने लिहून विकणाऱ्याला फोनवर हेच वाक्य ऐकावं लागतं. त्यामागे दोन वेगळेच प्रकार असू शकतात. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, आणि इथेच लोकांचे पैसे वाया जातात. म्हणून घाबरण्याआधी विचारून घ्यायचं: "काका, मोठी निळी खिडकी आली होती का? आणि फाईल डाउनलोड्समध्ये अजून दिसतेय का?"

निळी खिडकी आली आणि फाईल जागेवर असेल, तर तो स्मार्टस्क्रीन, म्हणजे अनोळखी फाईल उघडण्याआधी अडवणारा विंडोजचाच पहारेकरी. "विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि बटण एकच दिसतं, "डोन्ट रन". "मोअर इन्फो" या बारीक अक्षरांवर क्लिक केलं की मग "रन एनीवे" उगवतं. काकांना ते बारीक अक्षर दिसत नाही, यात काकांचा दोष नाही. ते दिसू नये अशीच मांडणी आहे.

या खिडकीत व्हायरस सापडल्याचा दावा कुठेही नसतो. विंडोज एवढंच सांगत असतं की ही फाईल फारशी कोणी उतरवलेली नाही आणि हिच्यावर ओळखीची डिजिटल सही नाही. ही तपासणी विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, थेट विंडोजमध्ये आहे. ती सुरू होते फाईलला चिकटलेल्या एका खुणेमुळे. ब्राउझरने फाईल उतरवली की तिच्यासोबत "झोन.आयडेंटिफायर" नावाची छोटी नोंद लिहिली जाते, आणि इंटरनेटवरून आलेल्या फाईलसाठी तीत झोनचा क्रमांक ३ असतो. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली "अनब्लॉक"चा चौकोन दिसतो तो याच नोंदीचा. ही नोंद एनटीएफएस डिस्कवरच टिकते, म्हणजे फाईली साठवण्याची जी पद्धत विंडोज स्वतःच्या डिस्कवर वापरतं तिथेच. बहुतेक पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सएफएटी या दुसऱ्या पद्धतींचे असतात, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या पेनड्राइव्हवर टाकून तोच प्रोग्रॅम दिला तर निळी खिडकी येतच नाही. ज्या पेनड्राइव्हनी एके काळी अख्ख्या ऑफिसात व्हायरस पसरवले, त्यांनाच ही सूट मिळावी, हे गमतीचंच आहे.

दुसऱ्या प्रकारात फाईल गायब होते. कोपऱ्यात "थ्रेट्स फाउंड" असं येऊन जातं आणि डेस्कटॉपवरचा आयकॉन पांढरा पडतो. हे काम अँटीव्हायरसचं, बहुतेक वेळा विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरचं. इथे मात्र थेट आरोप असतो, आणि आरोपाला नाव असतं. ते नाव "प्रोटेक्शन हिस्टरी"त सापडतं. ग्राहकाकडून त्याचा फोटो मागवा, नुसतं "व्हायरस" या शब्दावर काहीच करता येत नाही.

त्या नावाचं शेपूट नीट वाचा. "ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल" असं काही असेल, तर शेवटचं "!एमएल" सांगतं की हा निर्णय मशीन लर्निंगने दिलाय. ओळखीचा व्हायरस हुबेहूब जुळला असं त्यातून ठरत नाही. तुमच्या फाईलची ठेवण संशयास्पद वाटली, एवढंच. असं वाटायला कारणंही असतात. पायथन भाषेत लिहून पायइन्स्टॉलर या साधनाने एकाच ईएक्सई फाईलमध्ये बांधलेला प्रोग्रॅम घ्या. सुरू होताना तो स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडतो. त्याला उठवणारा बूटलोडरचा तुकडा तयार मिळतो, तुमच्याकडे आहे तोच हजारो जणांकडे असतो, आणि मालवेअर लिहिणारेही तोच वापरतात. वर साइज कमी करायला यूपीएक्स हे फाईल आवळणारं साधन लावलं की आतलं काही बाहेरून दिसत नाही. म्हणजे डेव्हलपरने सोयीसाठी निवडलेल्या गोष्टी आणि चोराने लपण्यासाठी निवडलेल्या गोष्टी एकच निघतात. यूपीएक्स काढणं, एका फाईलऐवजी फोल्डर देणं, बूटलोडर स्वतः कंपाइल करणं, यांनी बऱ्याचदा फरक पडतो. हमी मात्र नाही.

अशा चुका मोठ्यांच्या बाबतीतही झाल्या आहेत. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाईलच व्हायरस ठरवली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसने गूगल क्रोमला बँकेचे पासवर्ड चोरणारा ट्रोजन म्हटलं. तिथे जगभर बोंब झाली आणि चूक झटपट दुरुस्त झाली. तीस सोसायट्यांत चालणाऱ्या बिलिंगच्या प्रोग्रॅमसाठी बोंब मारणार कोण?

आता पैशांचं. निळ्या खिडकीवर कोड सायनिंगची, म्हणजे प्रोग्रॅम कोणाचा हे दाखवणारी डिजिटल सही उपयोगी पडते, कारण विंडोजच्या लेखी प्रोग्रॅमची ओळख त्या सहीच्या प्रमाणपत्राच्या नावावर साठत जाते. सही नसेल तर ओळख त्या एका फाईलच्या हॅशला, म्हणजे तिच्या अंगठ्याच्या ठशाला चिकटते, आणि नव्या बिल्डचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या नव्याने तयार केलेल्या प्रतीचा हॅश वेगळा असल्याने पुन्हा शून्यापासून सुरुवात. पण हे प्रमाणपत्र स्वस्त नाही, आणि १ जून २०२३ पासून त्याची खासगी की (सही करायची गुप्त किल्ली) टोकनमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या उपकरणात, किंवा तशाच सुरक्षित हार्डवेअरमध्ये ठेवणं बंधनकारक आहे. सीए लोक जीएसटीसाठी वापरतात ते डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन दिसायला तसंच असतं, पण ते कागदपत्रांवरच्या सहीचं. प्रोग्रॅमला चालत नाही. शिवाय सही केली की दुसऱ्या दिवशी खिडकी जाते असंही नाही, ओळख जमायला वेळ लागतो.

गायब होणाऱ्या फाईलसाठी मात्र फक्त सहीवर हे पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सहीने थोडा भरवसा वाढतो, पण सही प्रोग्रॅम कोणाचा एवढंच सांगते, आत काय आहे हे नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या प्रोग्रॅमची ५.३३ ही आवृत्ती रीतसर सहीनिशी बाहेर पडली आणि तिच्या पोटात मालवेअर होतं. अँटीव्हायरसने सही बघून सोडून दिलं, तर त्याला ठेवायचं कशाला?

इथला उपाय फुकट आहे, पण चिकाटीचा. फाईल मायक्रोसॉफ्टच्या सबमिशन पानावर "सॉफ्टवेअर डेव्हलपर" म्हणून पाठवायची, आरोपाचं नाव लिहायचं, प्रोग्रॅम काय करतो ते दोन ओळींत सांगायचं. व्हायरसटोटल या वेबसाइटवर एकच फाईल अनेक अँटीव्हायरस तपासतात. तिथे टाकून किती इंजिनं बोट दाखवतात तेही बघावं. सत्तरेक इंजिनांतली दोन-तीनच बोलत असतील आणि तीही मोघम नावं घेत असतील, तर बहुधा खोटा आरोप. वीस बोलत असतील, तर आधी स्वतःचा बिल्डचा कॉम्प्युटर तपासा, तक्रार नंतर. तिथे टाकलेली फाईल सुरक्षा कंपन्यांच्या हाती जाते, म्हणून सभासदांची यादी आत असलेला बिल्ड चुकूनही टाकू नका.

तोवर ग्राहकाला काय सांगायचं? निळी खिडकी असेल आणि फाईल तुम्हीच पाठवलेली असेल, तर "मोअर इन्फो" कुठे आहे ते फोनवर दाखवून द्या. फाईल गायब होत असेल, तर "अँटीव्हायरस बंद करा" कधीच म्हणू नका. त्याच कॉम्प्युटरवर सोसायटीचं नेट बँकिंग चालतं. मायक्रोसॉफ्टचा निर्वाळा येईपर्यंत महिन्याची बिलं तुम्ही तुमच्याकडे काढून पीडीएफ पाठवा.