पाहुण्यांसाठीचा बेत : पक्वान्नापासून भाजीपर्यंत

पाहुणे रात्री जेवायला येणार असले, की आजच्या शहरी मराठी घरात पहिला प्रश्न 'भाजी कोणती करायची' हा असतो. पनीर, छोले किंवा बिर्याणी यांपैकी एकावर मत पडले, की उरलेले पदार्थ त्याच्या बेताने ठरतात. तीन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न असा पडत नसे. 'मुख्य पदार्थ' हा शब्दच आपल्या स्वयंपाकघरात उशिरा आला. त्याआधी 'बेत' असे आणि शाकाहारी घरांत बेताला नाव मिळे ते पक्वान्नाचे : पुरणपोळीचा बेत, श्रीखंड-पुरीचा बेत, जिलबीचा बेत. हा बदल निव्वळ रुचीतून झाला असे मानले जाते. मला मात्र त्याचे मूळ धान्याच्या इतिहासात दिसते.

पान वाढण्याची जुनी पद्धत पाहिली तरी भाजीचे स्थान लक्षात येते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटी. मध्ये वरणभात आणि त्यावर तूप. या मांडणीत कोणतीही भाजी इतरांहून मोठी नसते. यजमानाचा आग्रह पक्वान्नाच्या वेळी होई आणि जेवण कसे झाले हेही पक्वान्नावरूनच सांगितले जाई.

देशावरच्या कोरडवाहू मुलखात रोजचे अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी. गहू ओलाव्याच्या किंवा पाण्याखालच्या जमिनीत होई, त्यामुळे तो थोडा आणि म्हणून सणाचा. पुरणपोळीत गव्हाची कणीक, गूळ आणि वर तूप या जपून वापरायच्या तिन्ही वस्तू एकत्र येतात. शिवाय डाळ शिजवणे, पुरण वाटणे आणि पोळी न फुटू देता लाटणे यांत घरातल्या बायकांची अख्खी सकाळ जाते. पाहुण्याला द्यायचे ते रोज न खाल्ले जाणारे, असा हा अलिखित नियम होता. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीच्या कटाची आमटी मात्र काटकसरीतून आलेली. पक्वान्नाच्या खर्चातूनच जेवणाचे तिखट अंग उभे राहावे, ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.

हा नियम जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात गव्हाच्या पिठाच्या मंडकाचे वर्णन आहे. तोच आपला मांडा. मुक्ताबाईंना मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून विसोबांनी कुंभारांना अडवल्याची कथा घराघरांत सांगितली जाते, आणि मराठीत स्वप्नरंजनाला 'मनातले मांडे' म्हणतात. रोज ताटात येणाऱ्या पदार्थावरून असा वाक्प्रचार घडला नसता. खान्देशात पाहुण्यांसाठी खापरावरचे मांडे आजही केले जातात.

कोकणात गहू पिकत नाही, तेथे तांदूळ आणि नारळ रोजचेच. म्हणून पाहुणचाराची ओळख वस्तूच्या दुर्मीळतेपेक्षा श्रमावरून ठरली : उकडीचे मोदक, किंवा वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेले बिरडे. सामिष घरांत जेवणाचे 'गोडाचे' आणि 'तिखटाचे' असे दोन प्रकारच मानले जात. मालवणकडे जावयासाठी कोंबडी-वडे, कोल्हापुराकडे मटण आणि त्यासोबत तांबडा-पांढरा रस्सा. गोडाच्या जेवणाचा मान सणाला आणि कार्याला. तिखटाचा मान माणसाला. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देण्याची चाल या दोहोंच्या मधली म्हणावी लागेल.

ही घडी मोडण्यास दुसऱ्या महायुद्धात सुरुवात झाली. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आले आणि शहरातल्या कुटुंबांना आपल्या सवयीचे नव्हे, तर दुकानात येईल ते धान्य घ्यावे लागले. पुढे अमेरिकेचा गहू आला. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा पाहुणचाराचाही संकोच झाला. १९६६ नंतर मेक्सिकन वाणांमुळे उत्तरेत गव्हाचे उत्पादन वाढले आणि रेशनच्या दुकानातून तो ज्वारीच्या मुलखातही स्वस्तात पोहोचला. दोन दशकांत चपाती रोजची झाली. साखरही रोजची झाली. ज्या वस्तूंच्या दुर्मीळतेवर पक्वान्नाचा मान उभा होता, त्या दुर्मीळ राहिल्या नाहीत.

याच सुमारास यजमानपणाचा आकारही बदलला. मराठीत छापील पाकशास्त्राची सुरुवात १८७५ च्या 'सूपशास्त्र'पासून मानतात. पण १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी नेले. पंगतीचे पायली-शेराचे हिशेब मागे पडून दोन खोल्यांच्या घरात सहा-आठ जणांना जेवू घालणारी, बहुधा नोकरी करणारी गृहिणी समोर आली. गॅस आणि प्रेशर कुकर यांनी छोले किंवा पुलाव कामावरून आल्यावर करता येण्याजोगा केला. पुरणपोळीला तशी सवलत मिळाली नाही. फाळणीनंतर शहरांत रुजलेल्या पंजाबी हॉटेलांनी घट्ट रश्शाच्या भाज्यांची गोडी लावली. दुधाचा पुरवठा वाढल्यावर, मराठी घरांना पूर्वी जवळजवळ परके असलेले पनीर सहज मिळू लागले. ते पहिल्यांदा पाहुण्यांसाठीच आणले गेले, कारण ते रोजचे नव्हते.

गेल्या काही वर्षांत पनीरही मुलांच्या डब्यात जाऊ लागले आहे आणि पुरणपोळी नगावर विकत मिळते. पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत आता पाहुण्यांसाठी भाकऱ्या करणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेवतात आणि बेत ठरतो तो ज्वारीची भाकरी, भरीत, पिठले आणि ठेचा असा.