पाच मार्च की तीन मे? आपल्या सॉफ्टवेअरमधील तारखा आणि आकड्यांविषयी

आम्ही तयार केलेला प्रोग्रॅम वापरायला घेतल्यावर एक गोष्ट अनेकांना खटकते. तारखेच्या रकान्यात '०५/०३/२५' असे टाकले की तो ते घेत नाही, कारण दिवस आधी धरला तर ती पाच मार्च होते आणि महिना आधी धरला तर तीन मे. महिना नावाने निवडा, वर्ष चार आकड्यांत लिहा, असे तो सांगतो. 'आधीचा प्रोग्रॅम तर मुकाट्याने घ्यायचा' अशी तक्रार मग आमच्याकडे येते. ही अडवणूक आम्ही समजून-उमजून ठेवली आहे. त्यामागचे कारण आपल्याला माहीत असावे, म्हणून हे पत्रक. आपल्याकडे प्रोग्रॅमर असतील तर त्यांनाही ते वाचायला द्या. काही भाग खास त्यांच्यासाठी आहे.

एकच संख्या, अनेक रूपे

बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट आणि वर अर्धा, ही संख्या घ्या. भारतात ती १२,३४,५६७.५ अशी लिहितात, अमेरिकेत १,२३४,५६७.५ अशी. जर्मनीत टिंब आणि स्वल्पविराम यांची कामे नेमकी उलटी, म्हणून तिथे ती १.२३४.५६७,५ होते. फ्रान्समध्ये गटांमध्ये नुसती अरुंद जागा सोडतात आणि स्वित्झर्लंडमध्ये वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखा शेंडा देतात: १’२३४’५६७.५. संख्या एकच आहे. प्रत्येक ठिकाणचा वाचक आपले रूप सहज वाचतो आणि दुसऱ्याच्या रूपाशी अडखळतो.

भाषा आणि प्रदेश यांच्या जोडीला प्रोग्रॅमर 'लोकेल' म्हणतात. भाषा एकटी पुरत नाही: जर्मनीतली जर्मन आणि स्वित्झर्लंडमधली जर्मन यांची आकडे लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. या सगळ्या पद्धतींची नोंद युनिकोड कन्सॉर्शियम (जगभरच्या लिप्यांसाठी संगणकीय मानके ठरवणारी संस्था) 'सीएलडीआर' नावाच्या सामाईक भांडारात ठेवते. महिन्यांची नावे, दशांशचिन्ह, आठवड्याचा पहिला वार, अनेकवचनाचे नियम असे सगळे त्यात असते. अरबीत अनेकवचनाचे सहा प्रकार लागतात, मराठीत दोन पुरतात, जपानीत एकच. हे नियम आम्ही हाताने लिहीत नाही आणि कोणी तसे लिहू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. 'देश अमुक असेल तर टिंब, नाहीतर स्वल्पविराम' अशा अटींची रांग पहिल्या दोन देशांपर्यंत नीट चालते, तिसऱ्या देशाला मोडते.

हे काम कोण करते

ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांमध्ये, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये, यासाठी वेगळे क्लास असतात. क्लास म्हणजे साचा आणि त्यातून तयार होणारी वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. जावा या अशा भाषेत १९९७ च्या १.१ आवृत्तीपासून 'फॉरमॅट' हा मूळ क्लास आहे आणि त्याच्या पोटी 'नंबरफॉरमॅट', 'डेटफॉरमॅट', 'मेसेजफॉरमॅट' हे क्लास येतात. प्रोग्रॅम त्यांच्याकडे 'या लोकेलचा संख्या लिहिणारा दे' अशी मागणी करतो आणि एक तयार ऑब्जेक्ट मिळतो. तो जर्मन पद्धतीचा आहे की भारतीय, हे मागणाऱ्याला बघावे लागत नाही; 'फॉरमॅट' म्हटले की तो लिहितो, 'पार्स' म्हटले की वाचतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये हेच काम 'कल्चरइन्फो' या क्लासच्या भरवशावर होते.

यातला खरा फायदा वेगळाच आहे. तारीख ही प्रोग्रॅमच्या आत अक्षरे म्हणून राहत नाही, तारीख म्हणूनच राहते: वर्ष, महिना, दिवस. संख्या संख्या म्हणून राहते. लोकेलचा संबंध फक्त दोन दारांशी येतो, आत येतानाच्या आणि बाहेर जातानाच्या. आपल्या प्रोग्रॅममध्ये डेटाबेसच्या रकान्यात '५ मार्च' असे अक्षरी लिहिलेले काही सापडले तर आम्हाला जरूर कळवा, ती आमची चूक असेल.

लिहिणे सोपे, वाचणे अवघड

या पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

लिहिताना प्रोग्रॅमला सगळे ठाऊक असते: संख्या कोणती, वाचक कोण. वाचताना त्याच्या हातात काही चिन्हे असतात आणि ती कोणी, कोणत्या सवयीने लिहिली याची त्याला कल्पना नसते. लोकेल चुकीचे धरले तर तो थांबेल असे आपल्याला वाटते. तो बहुतेक वेळा थांबत नाही. '१२.५' हा मजकूर जर्मन लोकेलच्या वाचकाला दिला तर तो टिंबाला गटाची खूण समजतो आणि १२५ हाती देतो. जावातही, डॉटनेटमध्येही. गटात तीन आकडे आहेत का, हे तो तपासत नाही. साडेबाराचे सव्वाशे झाले आणि कुठेही लाल अक्षर उमटले नाही.

फ्रेंच लोकेलमध्ये याच्याही पुढची गोष्ट घडते. तिथली गटाची जागा ही खास न तुटणारी अरुंद जागा आहे. माणूस मात्र कीबोर्डवरची साधी स्पेस दाबतो. जावाचा वाचक '१ २३४' मध्ये साध्या जागेपाशी पोचतो, तिला ओळखत नाही, आणि तिथपर्यंत जे वाचले ते, म्हणजे १, परत देतो. उरलेले '२३४' तो सोडून देतो. 'नंबरफॉरमॅट' चे वाचन असेच चालते: सुरुवातीला संख्या सापडली की पुढे काय राहिले याची पर्वा नाही. म्हणून आम्ही नेहमी 'पार्सपोझिशन' (वाचन कुठवर आले याची नोंद ठेवणारा ऑब्जेक्ट) सोबत देतो आणि वाचन मजकुराच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोचले का ते बघतो. पोचले नसेल तर संख्या नाकारतो. जावाच्या २३व्या आवृत्तीत काटेकोर वाचनाची वेगळी सोय आली आहे; नव्या कामांत आम्ही ती वापरतो.

तारखांचे गणित एकदा मांडून बघा. दिवस-महिना की महिना-दिवस, हा गोंधळ दिवसाचा आकडा १२ च्या वर गेला की उघड होतो, कारण तेरावा महिना नसतो. पण १२ महिन्यांचे पहिले १२ दिवस, म्हणजे वर्षातल्या १४४ तारखा, दोन्ही पद्धतींनी वैध ठरतात. त्यातल्या १२ तारखांना दोन्ही आकडे सारखेच, म्हणून त्या निरुपद्रवी. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप उलट्या होऊ शकतात. नमुन्यादाखल पंचवीस तारीख टाकून चाचणी घेतली आणि सगळे ठीक दिसले, तरी ती चाचणी या दोषापर्यंत पोचतच नाही.

दोन आकडी वर्ष हा दुसरा सापळा. जावाचा जुना 'सिंपलडेटफॉरमॅट' मागची ८० आणि पुढची २० वर्षे धरून अंदाज बांधतो, तर नवा 'डेटटाइमफॉरमॅटर' सरळ २००० पासून मोजतो. '७५' हे जन्मवर्ष जुन्याने वाचले तर १९७५, नव्याने वाचले तर २०७५. कोणी चांगल्या हेतूने जुना क्लास काढून नवा बसवला की पन्नाशीतला माणूस अजून जन्मायचा ठरतो.

आणि ३१ फेब्रुवारी? जुना क्लास सैल वागणुकीत ती मार्चच्या सुरुवातीला ढकलतो. नवा क्लास, वेगळे काही सांगितले नाही तर, फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी आणून बसवतो. दोघेही आपल्याला विचारत नाहीत. आम्ही नव्या क्लासला 'स्ट्रिक्ट' करून ठेवतो, म्हणजे तो अशी तारीख परत पाठवतो. तारीख नाकारणारा प्रोग्रॅम आपले दहा सेकंद घेतो. तारीख ओढून-ताणून बसवणारा प्रोग्रॅम वर्षअखेरीच्या ताळमेळाचे दिवस खातो.

न सांगता लागू होणारे लोकेल

लोकेल सांगितले नाही तर प्रोग्रॅम यंत्राचे लोकेल उचलतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक काम नव्या सर्व्हरवर हलवले. तो सर्व्हर जर्मन लोकेलवर बसवलेला होता. दुसऱ्या प्रणालीला जाणाऱ्या फाइलमध्ये दशांशाच्या जागी स्वल्पविराम पडू लागले. समोरच्या प्रणालीसाठी स्वल्पविराम म्हणजे नवा रकाना, त्यामुळे पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले. प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नव्हती. संख्या लिहिणाऱ्या मेथडला (क्लासमधल्या एका कामाला) लोकेल द्यायचे आमच्याकडून राहिले होते, एवढेच कारण. त्या दिवसापासून आमच्याकडे लोकेल न देता संख्या किंवा तारीख लिहिणारी ओळ तपासणीत पुढे जात नाही.

मराठी वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. सीएलडीआरमध्ये मराठीचे नेहमीचे अंक देवनागरी आहेत, तर हिंदीचे तसे नाहीत. फोन मराठीवर ठेवला की लोकेल न सांगता लिहिलेला क्रमांक देवनागरी अंकांत उमटू शकतो. पडद्यावर ते अगदी योग्य, आम्हालाही ते तसेच हवे. पण तोच क्रमांक फाइलच्या नावात किंवा डेटाबेसच्या आज्ञेत गेला तर पुढची प्रणाली तो ओळखेलच असे नाही. जावा आणि पायथॉन देवनागरी अंकांतली पूर्णांक संख्या वाचू शकतात, जावास्क्रिप्टचे साधे रूपांतर मात्र 'ही संख्याच नाही' असे उत्तर देते. यावर उपाय सोपा आहे: माणसासाठी लिहिताना माणसाचे लोकेल, यंत्रासाठी लिहिताना तटस्थ. जावामध्ये त्याला 'लोकेल रूट' म्हणतात, डॉटनेटमध्ये 'इन्व्हेरियंट कल्चर'. तुर्कीत छोट्या 'आय' चे मोठे रूप डोक्यावर टिंब घेऊन येते, त्यामुळे आज्ञांची अक्षरे मोठी करून जुळवतानाही हेच तटस्थ लोकेल लागते.

लाख-कोटींची मांडणीही आपोआप मिळत नाही. जावाचा मूळचा 'डेसिमलफॉरमॅट' हा संख्या लिहिणारा क्लास एकाच आकाराचे गट जाणतो, म्हणून भारतीय लोकेल देऊनही तो दर तीन आकड्यांनी स्वल्पविराम टाकतो. त्यासाठी आम्ही 'आयसीयू' हा तयार क्लासांचा वेगळा संच जोडतो. डॉटनेट आणि जावास्क्रिप्टमध्ये ही सोय आधीपासून आहे.

लोकेलची माहिती स्वतःही बदलत असते. जावाने ९व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, सीएलडीआर हाच मूळ आधार धरला आणि काही भाषांतली तारखांची रूपे बदलली. २०२३ मध्ये २०व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतल्या 'एएम-पीएम' च्या आधीची साधी जागा अरुंद न तुटणारी झाली. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण साधी जागा असलेली वेळ वाचणारे प्रोग्रॅम अडले. पडद्यासाठी लिहिलेला मजकूर पुन्हा वाचून त्यातून तारीख काढणे, हे आम्ही याच कारणासाठी टाळतो.

आपल्या प्रोग्रॅमरसाठी आणखी दोन नोंदी. तारखेच्या आकृतिबंधात वर्षासाठी कॅपिटल वाय लिहिला तर आठवड्यांवरून मोजलेले वर्ष मिळते, आणि ३० डिसेंबर २०२४ ही तारीख ३० डिसेंबर २०२५ अशी छापली जाते. दोष वर्षातले काही दिवसच दिसतो, म्हणून सापडत नाही. आणि 'सिंपलडेटफॉरमॅट' चा एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेडना (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) वाटू नका, त्यांच्या तारखा एकमेकांत मिसळतात. 'डेटटाइमफॉरमॅटर' बदलता न येणारा असल्याने तो बिनधास्त वाटता येतो.

पैसे

लोकेलवरून चलन ठरवू देऊ नका. जावाला 'या लोकेलच्या चलनात लिही' म्हटले की तो फक्त चिन्ह बदलतो, विनिमय करत नाही. शंभर डॉलरचे बिल जर्मन लोकेलमध्ये शंभर युरोचे दिसू लागते. आम्ही रक्कम आणि तिचे तीन अक्षरी चलन-संकेत एकाच ऑब्जेक्टमध्ये बांधतो. लोकेल फक्त स्वल्पविराम आणि चिन्हाची जागा ठरवते. दशांशस्थळेही चलनाची असतात: जपानी येनला शून्य, कुवेती दिनारला तीन.

फाइलींची देवाणघेवाण

स्वल्पविरामाने तोडलेली फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडू नका, आमच्या 'आयात' बटणातून घ्या. एक्सेल न विचारता तारखा ओळखायला जातो. 'मार्च १' आणि 'सेप्ट १' अशी नावे असलेल्या मानवी जनुकांच्या त्याने इतक्यांदा तारखा केल्या, की जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलली. आमच्या फाइलींत तारीख आयएसओ ८६०१ प्रमाणे वर्ष-महिना-दिवस अशी असते, उदाहरणार्थ २०२५-०३-०५. ती कोणत्याही लोकेलमध्ये एकाच प्रकारे वाचली जाते, आणि अक्षरक्रमाने लावली तरी काळाच्या क्रमाने लागते.

काम सुरू करण्यापूर्वी आम्हाला आपल्याकडून जुन्या माहितीचा एक नमुना लागेल. तो नीटनेटका करून पाठवू नका, आहे तसाच पाठवा. कोणी टिंब दिले, कोणी स्वल्पविराम, कोणी वर्ष दोन आकड्यांत लिहिले, हे सगळे त्यात दिसू द्या. सोबत एवढेच लिहा की ती माहिती कोणत्या कार्यालयात, कोणत्या भाषेच्या संगणकावर भरली गेली. ज्या नोंदींचा अर्थ दोन प्रकारे लागतो त्यांची वेगळी यादी आम्ही आपल्याकडे परत पाठवू, आणि ती माहिती भरणाऱ्या व्यक्तीकडून प्रत्येक नोंदीचे उत्तर येईपर्यंत त्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये घेणार नाही.