बोल्ट नुसताच गोल फिरायला लागला की

बाईकचं क्लच कव्हर बसवत होतो. शेवटच्या बोल्टला "अजून जरासा" म्हणून पाना ओढला आणि हाताला एकदम मऊ लागलं. बोल्ट नुसताच गोल गोल फिरायला लागला. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चकचकीत, बारीक वेटोळं अडकलेलं. बोल्टचं काहीच बिघडलं नव्हतं. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे सोलून तो सोबत घेऊन आला होता.

एवढ्याशा बोल्टात इतकी ताकद येते कुठून? हा एम6 बोल्ट, म्हणजे 6 मिमी जाड, आणि एका फेऱ्यात 1 मिमी आत जाणारा. त्याला साधारण 10 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुरतो, म्हणजे 12 सेंमीच्या पान्याच्या टोकाला साडेआठ किलोच्या आसपास जोर. त्या मेहनतीचा नव्वदएक टक्के भाग घर्षणातच जातो. तरीही बोल्ट ताणला जातो तो सुमारे साडेआठशे किलोंच्या जोराने! बोल्ट ही खरं तर एक ताठ स्प्रिंग आहे; आपण तो आवळतो म्हणजे ताणतो. आट्यांना तेल लागलेलं असेल तर घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला ताण वाढतो. माझा बोल्ट ऑइलने माखलेला होता, आणि वर तो "जरासा".

शिवाय हा ताण सगळ्या आट्यांत सारखा वाटला जात नाही. डोक्याकडचा पहिलाच आटा जवळपास एक तृतीयांश भार उचलतो. तो गेला की भार पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर.

यावर गॅरेजमधले उपाय ठरलेले. जाड बोल्ट ठोका, टेफ्लॉन टेप गुंडाळा, नाहीतर वायरीतली तांब्याची तार भोकात सोडून बोल्ट आवळा. बिजागरीचा स्क्रू ढिला झाला की आपण काडेपेटीची काडी खुपसतो, तोच प्रकार. चार दिवस चालतं. पण तारेची कल्पना मात्र योग्य दिशेची आहे. नीट केली की तिचंच हेलिकॉइल होतं.

ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची कॉइल. गंमत तारेच्या आकारात आहे. ती गोल नसते; कापून पाहिली तर छेद शंकरपाळ्यासारखा. त्यामुळे कॉइलच्या बाहेरही आटे तयार होतात आणि आतही. बाहेरचे इंजिनात बसतात, आतल्यांत जुनाच बोल्ट.

लेथवाल्याने आधी 6.3 मिमीच्या ड्रिलने भोक मोठं केलं, मग खास मापाचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारं हत्यार, मारला. हा टॅप कॉइलसोबतच घ्यावा लागतो, एम6चा नेहमीचा टॅप इथे कामाचा नाही. टॅपला ग्रीस फासलं, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो, इंजिनात पडत नाही. कॉइल मोकळी असताना भोकापेक्षा किंचित मोठी असते. तिच्या तळाशी तारेचं आडवं टोक असतं, त्याला धरून फिरवत नेलं की ती आक्रसून आत जाते. सोडलं की पसरून भिंतीला घट्ट धरते, गोंद लागत नाही. वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव-अर्धा फेरा खाली राहिलं पाहिजे. शेवटी पंचवर एक टोला, आडवं टोक तुटतं, ते चिमट्याने उचलायचं. स्पार्क प्लगच्या भोकात हा तुकडा विसरलात तर तो थेट पिस्टनवर जातो, म्हणून तिथे घाई नको.

आता अ‍ॅल्युमिनियममधले आटे 6 ऐवजी 7.3 मिमी व्यासाचे झाले. म्हणजे तेवढ्याच खोलीत बोल्टला सोलावा लागेल असा धातू वीसएक टक्के वाढला. कॉइल थोडी लवचिक असल्याने पहिल्या आट्यावरचा भार पुढच्यांतही वाटला जातो. आणि बोल्ट दर वेळी घासतो तो स्टीलवर, मऊ अ‍ॅल्युमिनियमवर नाही. म्हणून तर विमानांच्या हलक्या धातूच्या कोऱ्या भागांतही अशा कॉइल बसवतात, काही बिघडायच्या आधीच. मात्र भोकाभोवतीची भिंतच पातळ असेल किंवा तडकली असेल तर कॉइलला धरायला जागा उरत नाही. तिथे वेल्डिंग किंवा नवा भाग.

माझ्या कव्हरच्या बोल्टांपैकी सगळ्यात भरवशाचा आता तोच आहे. बाकीचे अजून अ‍ॅल्युमिनियमवरच आहेत, आणि त्यांच्यासाठी मी टॉर्क पाना विकत घेतलाय.