पुण्यातील घनकचरा व्यवस्था आणि कचरावेचक

घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेकडे सोपवणारी पुणे शहरातील व्यवस्था. रस्ते झाडणे आणि कचरा उचलणे ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ प्रमाणे महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. बहुतेक शहरांत ती कायम कामगार आणि ठेकेदार यांच्याकरवी पार पडतात. पुण्यात या दोघांच्या जोडीला तिसरा घटक उभा राहिला, आणि तो महापालिकेने घडवलेला नाही. तो आधीपासून कचराकुंडीपाशीच होता.

कुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला विकणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली अनेक कुटुंबे या कामात शिरली. कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना झाली. पहिली मागणी पगाराची नव्हती, ओळखपत्राची होती. पहाटे पोते घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून हटकले जाई. महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र हा त्यावरचा उपाय ठरला.

केंद्र सरकारच्या २००० च्या घनकचरा नियमांनी दारोदार कचरा गोळा करणे आवश्यक केले, तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला. कचरा कुंडीत न पडता थेट ठेकेदाराच्या गाडीत गेला, तर वेचणाऱ्यांनी करायचे काय? त्याचे उत्तर म्हणजे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज तिचे सभासद साडेतीन हजारांहून अधिक आहेत.

कामाची रीत साधी आहे. दोघींची जोडी ढकलगाडी आणि बादल्या घेऊन ठरलेल्या दोन-तीनशे घरांत जाते. ओला कचरा महापालिकेच्या गाडीत रिकामा होतो; सुका कचरा दोघी रस्त्याकडेला किंवा वर्गीकरणाच्या शेडमध्ये निवडतात. पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, काच, पत्रा या प्रत्येकाचा भाव वेगळा. वेफरच्या चकचकीत पाकिटाला मात्र कुणी विचारत नाही. महापालिका साधने पुरवते, वेतन देत नाही. दर घरामागे मिळणारे मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री ही कमाईची दोन अंगे. म्हणून सुक्या कचऱ्यावरचा हक्क हा या सगळ्या रचनेचा कणा आहे. तो काढून घेतला तर उरते ते फक्त कमी पैशांत केलेले कचरा वाहण्याचे काम. करार संपला की मुदतवाढीवर दिवस काढायचे आणि ‘ठेकेदार नेमा’ ही सूचना पुन्हा ऐकायची, हे सभासदांच्या अंगवळणी पडले आहे.

सॅनिटरी पॅड आणि डायपर हा यातला सर्वांत अवघड भाग. ते उघडेच टाकले तर निवडणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, ही मोहीम त्यातून निघाली. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही संस्थेच्या सभासदांनी यासाठी बनवल्या.

रस्त्यांची निगा हे वेगळे खाते. क्षेत्रीय कार्यालयाच्या हाताखाली ‘आरोग्य कोठी’ असते. पहाटे तिथे हजेरी लागते आणि मुकादम झाडणकाम वाटून देतो. कायम कामगाराच्या वारसाला, सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे नोकरी मिळते, ठेक्यावरच्याला ती हमी नाही. एकाच गल्लीत एक कायम, एक ठेक्यावरचा आणि एक ‘स्वच्छ’ची स्वयंरोजगारी सभासद असे तिघे झाडू-बादली घेऊन दिसतात. काम जवळजवळ तेच, हक्क तीन तऱ्हांचे. पुन्हा पुन्हा कचरा पडणाऱ्या कोपऱ्याला अधिकारी ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. तिथे रांगोळी काढतात, फुलझाडांच्या कुंड्या ठेवतात, भिंतीवर देवांच्या टाइल्स लावतात. कचरा बहुधा चार पावलांवर सरकतो.

दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्या व हॉटेलांनी ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवावा अशी अपेक्षा केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ठेवली. गांडूळखत करणाऱ्यांना पुण्यात मिळकतकरात सवलत मिळते. तरी बांधकाम परवानगीपुरते बांधलेले आणि आता पालापाचोळ्याने भरलेले गांडूळखताचे खड्डे शोधायला फार हिंडावे लागत नाही. महापालिकेने वस्त्यांत उभारलेल्या छोट्या बायोगॅस प्रकल्पांपैकीही कित्येक पूर्ण क्षमतेने चालले नाहीत.

उरलेल्या कचऱ्याचा भार दीर्घकाळ कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी सोसला. कोथरूडचा जुना डेपो बंद झाला (त्या जागेवर आता वनाज येथील मेट्रोचा डेपो आहे), पण उरुळीत कचऱ्याचे डोंगर वाढत गेले. झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी खराब झाल्या. ग्रामस्थांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. एप्रिल २०१७ च्या आगीनंतरचे आंदोलन लांबले तेव्हा पेठांतल्या रस्त्यांवरही कचरा साचला. त्याच वर्षी ही दोन्ही गावे महापालिकेत घेतली गेली. पुढे ती वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. डेपो आहे तिथेच आहे.