नेच्याची गोफण

आत्या यात्रेहून आली ती ‘संजीवनी बुटी’ घेऊन. मंदिराच्या पायऱ्यांवर पन्नास रुपयांना घेतलेला, मुठीसारखा आवळलेला तपकिरी गड्डा. रात्री बशीभर पाण्यात ठेवला, सकाळी बघतो तर हिरवा होऊन पसरलेला. “बघ, मेलेलं जिवंत झालं!”

मेलेलं नव्हतंच ते. ही सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस, मध्य भारतातल्या खडकाळ डोंगरांवर वाढणारी. उन्हाळ्यात अंगातलं जवळजवळ सगळं पाणी जाऊ देते, स्वतःला गुंडाळून पडून राहते आणि पाऊस आला की पुन्हा कामाला लागते. करामत मोठीच आहे, पण त्या करामतीने ती जीव वाचवते स्वतःचा. त्या बशीतलं पाणी पिऊन मधुमेह जात नाही. आणि हनुमानाने आणली ती हीच, याला विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे पुरावा नाही.

आतेभावाने मात्र वेगळाच प्रश्न टाकला. “म्हणजे हा नेचाच ना? टेरिडोफायटा?”

यात त्याची चूक नाही. शाळेत आपण नेचे (फर्न) आणि सिलाजिनेला एकाच टोपलीत टाकून मोकळे होतो. मूळ, खोड, पान आहे, फूल आणि बी नाही, बीजाणूंवर वंश चालतो, झालं टेरिडोफायटा. मिशा नाहीत एवढ्यावरून दोघांना सख्खे भाऊ ठरवावं तसं हे. सिलाजिनेला, लायकोपोडियम, आयसोएटिस ही मंडळी लायकोफाइट. त्यांचं घराणं ४० कोटी वर्षांहूनही आधी वेगळं निघालं. उरलेल्या फांदीला पुढे दोन फाटे फुटले, एकावर नेचे, दुसऱ्यावर बी धरणारी सगळी झाडं. म्हणजे नेचा हा सिलाजिनेलापेक्षा आंब्याला जवळचा.

लायकोफाइट आज बहुतेक वीतभर उंचीचे. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीत मात्र त्यांचे लेपिडोडेंड्रॉनसारखे भाऊबंद ३० मीटरपर्यंत जायचे, आणि युरोप-अमेरिकेच्या दगडी कोळशात त्यांचा मोठा वाटा आहे. (आपला चंद्रपूर-वणीचा कोळसा त्यानंतरचा, मुख्यतः ग्लॉसॉप्टेरिस या बी धरणाऱ्या झाडांचा. ‘कोळसा म्हणजे गाडले गेलेले नेचे’ हे वाक्य इथे तरी चालत नाही.)

नेच्यांना ‘जिवंत जीवाश्म’ म्हणायची सवयही सोडायला हवी. २०१६च्या जागतिक वर्गीकरणात नेच्यांच्या सुमारे १०,५०० प्रजाती आहेत, लायकोफाइटच्या १,३००. त्या नेच्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक ज्या गटातल्या आहेत, तो गट फोफावला सपुष्प झाडांची जंगलं उभी राहिल्यावर, त्यांच्याच सावलीत. कोकणात आंब्या-फणसाच्या खोडाला बिलगलेला बाशिंग नावाचा नेचा याच गटातला. सावलीतल्या मंद उजेडाचा माग काढणारं एक जनुक तर नेच्यांनी हॉर्नवर्ट नावाच्या शेवाळवर्गीय वनस्पतींकडून उचललंय, हे २०१४ साली दिसून आलं.

पण मला वेड लावलंय ते याच गटाच्या गोफणीने.

पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणुकोशांचे पुंजके. प्रत्येक कोश म्हणजे देठावरची एक बारीक डबी, आत बहुधा ६४ बीजाणू. डबीच्या पाठीवरून कण्यासारखी बारा-तेरा पेशींची एक कमान जाते. या पेशींची बाहेरची भिंत पातळ, आतली आणि बाजूच्या भिंती जाड. पेशींत पाणी भरलेलं. हवा कोरडी झाली की पातळ भिंतीतून पाणी उडून जाऊ लागतं. पाण्याचे रेणू एकमेकांना आणि भिंतीला सोडत नाहीत, त्यामुळे उरलेलं पाणी पातळ भिंतीला आत ओढतं. तिच्याबरोबर बाजूच्या जाड भिंती बाहेरच्या टोकांनी जवळ येतात. असं प्रत्येक पेशीत झालं की कमान उलटी वाकू लागते, डबी फाटते आणि झाकण बीजाणूंसकट मागे मागे जातं. गोफण ताणली गेली.

पाण्यावरचा दाब आता हवेच्या दाबाच्या सुमारे ९० पट, पण उणा. म्हणजे दाब नव्हे, ओढ. ही ओढ पाण्याला पेलत नाही तेव्हा एका पेशीत बुडबुडा तयार होतो, लगोलग शेजारच्या पेशींत, आणि कमान सुटते.

माणसाने केलेल्या दगडफेकी यंत्राला आडवी दांडी लागते. यंत्राचा हात तिच्यावर आपटून थांबतो तेव्हाच दगड सुटतो. नेच्याकडे दांडी नाही. मग हात थांबतो कसा? २०१२ साली फ्रान्समधल्या नोब्लँ आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्याही आत कमान ३० ते ४० टक्के मिटते आणि तिथेच अडखळते, कारण पुढे मिटायचं तर सच्छिद्र भिंतींत मुरलेल्या पाण्याला वाट काढत सरकावं लागतं, आणि पाणी चिकट. हाच ब्रेक! उरलेला प्रवास कमान तुलनेने सावकाश करते, बीजाणू मात्र सेकंदाला १० मीटरपर्यंतच्या वेगाने निसटलेले असतात. हवेच्या अडथळ्यामुळे ते जातात फार तर काही सेंटिमीटर, पण पानालगतच्या थिजलेल्या हवेतून बाहेर पडून वाऱ्याला लागायला तेवढं पुरतं.

(पावसाळी ट्रेकला चंदेरी नेच्याचं पान हातावर दाबून पांढरा ठसा उमटवतात, ते बीजाणू नव्हेत. ती पानामागची मेणासारखी भुकटी.)

त्या दुपारी मी मागच्या भिंतीच्या फटीत उगवलेल्या टेरिस या नेच्याचं एक पान तोडून आणलं. पाऊस ओसरायला आला की त्याच्या पानांच्या कडेने तपकिरी रेघ पिकते. पान उलटं करून पांढऱ्या कागदावर टेबललॅम्पखाली ठेवलं आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग आत्याच्या हातात दिलं. पाच-सात मिनिटं काहीच नाही. ती कंटाळून उठणार तेवढ्यात थबकली.

“अरे, हे उड्या मारतंय!”

कागदावर तपकिरी धूळ पडायला लागली होती.